शुक्रवारचा दुसरा तास

जावयाचा फोन आला तेव्हा मॉडी लिंडक्विस्ट ओट्याशी बटाटे सोलत उभी होती. मुलगी झाली होती, आज सकाळी, तीन आठवडे आधीच. पोट कापावं लागलं, पण दोघी बऱ्या आहेत, असं सगळं नीलने एका दमात सांगून टाकलं आणि मग फोन कॅरिनच्या हातात दिला.

"आई," कॅरिन म्हणाली. तिचा आवाज लांबून आल्यासारखा बारीक होता. "येशील?"

कॅरिन चौतिशीची होती. सिएटलला राहायला गेल्यापासून तिने आईला कधी काही मागितलं नव्हतं. नाताळला भेटवस्तूंची पेटी यायची, वाढदिवसाला फोन यायचा. तेवढ्यावर त्यांचं नातं नीट घडी घालून ठेवलेलं होतं.

"येते ना. उद्याच निघते," मॉडी म्हणाली, आणि त्याच श्वासात तिच्या मनात आलं: शुक्रवार.

लाज वाटली तिला. पण मनात येऊन गेलेलं काही परत पाठवता येत नाही.

रॉयने, तिच्या नवऱ्याने, विमानाचं तिकीट काढलं, बॅग माळ्यावरून खाली आणली आणि बटाटेही उकडायला टाकले. तोवर मॉडीने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. आयोवातल्या कॅल्डर गावच्या शाळेत ती मोठ्या मुलांना इंग्रजी शिकवायची, आणि शिक्षक आजारी पडो, त्याच्या घरी कुणी मरो की जन्मो, बदली शिक्षकासाठी प्रत्येक तासाची आखणी मागे ठेवल्याशिवाय त्याला दाराबाहेर पाऊल टाकता येत नसे.

"एक दिवस रजा घ्यायची तर तुला दोन दिवस राबावं लागतं," रॉय म्हणाला. "अंगात ताप घेऊन शाळेत जाणं परवडतं."

"म्हणून तर जाते मी ताप घेऊन."

"आता काय ताप आणणारेस? अगं, आजी झालीस तू. लिही की, मुलांनो गप बसा आणि वाचा."

तसंच लिहायची रीत होती. बदली शिक्षकासाठी कुणी चांगला धडा ठेवत नाही. त्याच्यासाठी सरावपत्रकं असतात, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. चांगलं ते आपण परत येईपर्यंत राखून ठेवायचं. मॉडीनेही आयुष्यभर हेच केलं होतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार तिने भराभर उरकले. कुणाला खिडकीजवळ बसू द्यायचं नाही, कोण खोटं सांगून बाहेर जाईल, आगीची घंटा वाजली तर कुठल्या दाराने न्यायचं, सगळं लिहिलं. शुक्रवारच्या दुसऱ्या तासापाशी मात्र पेन अडलं.

दर फेब्रुवारीत, शुक्रवारच्या या तासाला, शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेली तिच्या वर्गातली मुलं एकेक करून उभी राहायची आणि आपल्या घरातल्या एका जेवणाबद्दल बोलायची. कागद नाही, गुण नाहीत. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. खोलीत बोललेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. मॉडी स्वतः मागच्या रांगेत, मुलांच्याच खुर्चीत, मांडीवर हात ठेवून बसायची. कोण रागावून बोलायचं, कोण हसवायचं, एखादा रांगडा पोरगा आजीच्या लोणच्याबद्दल बोलता बोलता खाली बसायचा. वर्षभर ती व्याकरण आणि निबंध शिकवायची ती जणू या चार शुक्रवारांचं भाडं म्हणून.

यंदा ब्रेना स्टोक्स होती. सप्टेंबरपासून वर्गात एक अक्षर न बोललेली मुलगी. विचारलं की मान हलवायची, लिहायला दिलं की तीन ओळी लिहून थांबायची. बापाला टेक्ससमध्ये काम मिळालं होतं आणि शनिवारी ते गाव सोडणार होते. गेल्या आठवड्यात तास संपल्यावर ती टेबलाशी रेंगाळली आणि बुटांकडे बघत म्हणाली, "मी शुक्रवारी बोलीन. शेवटची."

तेवढंच बोलून ती गेली होती. मॉडी मात्र त्या दिवसापासून शुक्रवार कवटाळून बसली होती.

बाकीच्या मुलांचं बोलणं पुढे ढकलता आलं असतं. ब्रेना तोवर असणार नव्हती.

पहाटे विमानतळाच्या वाटेवर तिने रॉयला गाडी शाळेकडे वळवायला लावली. ऑर्विल रुस्का आधीच येऊन वर्गात बसला होता. हा गावचा निवृत्त टपालवाला. सत्तरी उलटली होती, आणि घरात कंटाळा येतो म्हणून बदलीवर यायचा. सोबत बायकोने केलेले कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, आणायचा आणि सगळ्या तासांना वाटायचा. शिकवायचा काही नाही, पण मुलं त्याला त्रास देत नसत.

"अभिनंदन, आजीबाई!" तो ओरडला. एका कानाने त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो सगळ्यांशीच ओरडून बोलायचा. "आणि हे काय? मला वाटलं एक कागद असेल. ही तर पुस्तकाची छपाई झाली."

"शुक्रवारचं नीट वाचा, ऑर्विल. शुक्रवारी सरावपत्रक नाही."

त्याने चष्मा वर करून वाचलं. "मी काय करायचं यात?"

"काही नाही. मागे बसायचं आणि ऐकायचं."

"ते मला जमतं. अर्धं तरी."

"आणि तेवढ्या वेळात शब्दकोडं सोडवायचं नाही."

"बरं बाई." त्याने कागद खाली ठेवला. "तुझं तोंड का असं? नात झालीय ना तुला?"

मॉडीने दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. "ब्रेनाचा नंबर शेवटी आहे. त्याआधी वर्गातल्या फोनवरून मला फोन लावा. मी उचलला की रिसीव्हर टेबलावर तसाच ठेवून द्या. मुलांना सांगायची गरज नाही."

ऑर्विल तिच्याकडे बघत राहिला. "तुझा नियम आहे ना, खोलीतलं खोलीत?"

"मी त्या खोलीतलीच आहे."

"तुझी खोली, तुझा नियम," तो म्हणाला. "मला काय."

रस्त्यात रॉयला तिने हे सांगितलं नाही.

सिएटलचं घर दोन खोल्यांचं होतं. बाळ इवलंसं, लालभडक, आणि मूठ उघडायला तयार नाही. गुरुवारी कॅरिनला दवाखान्यातून घरी सोडलं. मॉडी धुणं करायची, सूप करायची, बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीशी फिरायची. कॅरिन तिला "थँक यू" म्हणायची. प्रत्येक कामाला म्हणायची, जसं आपण दुकानात म्हणतो. मॉडीला ते टोचायचं, पण बोलणार काय?

"तू बस की जरा," कॅरिन म्हणाली. "पाहुण्यासारखी राबतेस."

"पाहुणे राबत नाहीत."

"आपल्याकडचे राबतात. नीलची आई आली की टीव्ही बघते. मला ते बरं वाटतं."

शुक्रवारी सकाळी नील कामावर गेला. आयोवात नऊ वाजतात तेव्हा इथे सात वाजतात, हे मॉडीने मनात कितीदा घोळवलं होतं. फोन ओट्यावर, भांड्यांच्या जाळीशी उभा करून ठेवला होता. बाळ नुकतंच झोपलं होतं. ती कॉफी घेऊन तिथेच उभी राहिली.

कॅरिन भिंत धरत धरत बाहेर आली. केस चपटे, तेलकट, चेहरा सुजलेला. "आई," ती म्हणाली आणि ओट्याच्या कडेला टेकली. "माझे केस धुऊन देशील? मला वर हात करवत नाहीत. माझ्या सगळ्या अंगाला वास मारतोय. मला रडू येतंय त्या वासाने."

मॉडीने घड्याळाकडे पाहिलं. कॅरिनने ते पाहिलं.

"नंतर चालेल," कॅरिन लगेच म्हणाली.

"नंतर कशाला? बस."

तिने खुर्ची उलटी करून सिंकला टेकवली, मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, मनगटावर पाणी बघितलं. कॅरिनने डोकं मागे टाकलं आणि डोळे मिटले. तिच्या कपाळावर केसांच्या मुळाशी एक जुना व्रण होता, झोपाळ्यावरून पडल्याचा. मॉडी तो विसरली होती. हे डोकं तिने शेवटचं धुतलं तेव्हा ते एका तळव्यात मावत होतं.

शॅम्पूचा फेस कोपरापर्यंत आला होता आणि फोन वाजला.

पडद्यावर शाळेचं नाव होतं. हात पुसून उचलायला क्षण लागला असता. कॅरिनचं डोकं तिच्या हातांत होतं, जड, पूर्ण सोडून दिलेलं.

"उचल ना," कॅरिन डोळे मिटूनच म्हणाली. "शाळेचाच असेल."

"असू दे."

"उचल गं. मला सवय आहे."

ती हे रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मॉडीने कदाचित उचललाही असता. फोन वाजत राहिला, जाळीतले चमचे थरथरत राहिले, मग सगळं थांबलं. मॉडीने नळ सोडला. तिकडे आता ब्रेना उभी राहिली असेल. बुटांकडे बघत असेल. मागच्या रांगेतली खुर्ची रिकामी, की ऑर्विल बसलाय? पाणी बोटांतून जात राहिलं. काय असेल तिच्याकडचं जेवण? टेबल असेल का?

"आई," कॅरिन म्हणाली. "शॅम्पू केव्हाच निघालाय."

मॉडीने नळ बंद केला. डोक्याला टॉवेल गुंडाळून तिला सरळ बसवलं, आणि तेवढ्यात फोनने निरोप आल्याची घंटी दिली.

निरोप तीन मिनिटांचा होता. मॉडी फोन हातात घेऊन उभी राहिली. मग तिला उमगलं, आणि तिने तोंडावर हात दाबला. ऑर्विलने रिसीव्हर बहिऱ्या कानाला लावला असणार. 'मी मॉडी लिंडक्विस्ट' असं यंत्र बोललं, ते त्याला तीच वाटली.

"काय झालं? शाळा जळाली?"

"नाही. ऑर्विलने—" आणि मग तिने सगळंच सांगितलं. ब्रेना, शनिवार, रिसीव्हर, सगळं. सांगताना ती कॅरिनकडे बघत नव्हती.

"आणि तू उचलला नाहीस," कॅरिन म्हणाली.

"हातांना फेस होता."

कॅरिनने टॉवेलच्या आडून तिच्याकडे पाहिलं. "लाव," ती म्हणाली. "ऐकू तरी."

"बाहेरच्यांनी ऐकायचं नसतं."

"तू आत्ता बाहेरचीच आहेस, आई. दोघी बाहेरच्याच. लाव."

मॉडीने लावला. "हां मॉडी, हा ठेवला बघ इथे!" ऑर्विल ओरडला, आणि रिसीव्हर टेबलावर आपटला. मग खोली आली. पाइपातून वाफेची ठकठक, खुर्च्या, कुणाचं तरी नाक ओढणं. टकर नावाचा एक मुलगा आजोबांच्या हरणाच्या मांसाबद्दल बोलत होता, ते कसं कुणालाच आवडायचं नाही आणि सगळे कसे दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. मुलं हसली. ते हसू ऐकून मॉडीने ओटा धरला. ती नसताना ती मुलं तशीच हसत होती, अगदी तशीच. ऑर्विल म्हणाला, "छान. बस. ब्रेना बाळा, चल." खुर्ची सरकली. नंतर इतकी शांतता की कॅरिननेही श्वास रोखला.

"आमच्या घरी," एक आवाज म्हणाला, मॉडीला वाटला होता त्याहून जाड, स्थिर. "आमच्या घरी ना—"

तीन मिनिटं भरली आणि निरोप तिथेच तुटला.

मॉडीने परत लावला, शेवटचा तुकडा. आमच्या घरी ना. अजून एकदा लावला. त्यापुढे काही नव्हतं, आणि उद्या ती मुलगी टेक्ससच्या रस्त्याला लागणार होती, आणि वर्गातलं कुणी सांगणार नव्हतं, कारण त्यांना मॉडीनेच तसं शिकवलं होतं. तिने फोन पालथा ठेवला. रडू आलं नाही. नुसता जाळीतला एक चमचा काढून ती पुसत राहिली.

"माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षी," कॅरिन म्हणाली, "तू मला मिस्टर ऑल्सेनच्या वर्गात टाकलंस."

"शाळेचा नियम होता. शिक्षकाची मुलं त्याच्या वर्गात नकोत म्हणून."

"माहीत आहे. पण फेब्रुवारीत सगळे तुझ्या खोलीतून बाहेर यायचे ना, ते वेगळेच दिसायचे. गप्प. एकमेकांना धरून. मी जेवणाच्या सुट्टीत विचारायची, काय झालं आत? कुणी सांगायचं नाही. माझ्या जिवलग मैत्रिणीनेही सांगितलं नाही. माझीच आई आत होती, आणि मलाच माहीत नाही आत काय होतं." ती हसली, मग टाके दुखले म्हणून थांबली. "मी तयारीसुद्धा केली होती, माहितीये? अंघोळ करताना. बोलायला मिळालं असतं तर काय बोलले असते त्याची."

मॉडीने दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसली. "काय बोलली असतीस?"

"जाऊ दे. आता कशाला?"

"सांग."

"तू माझ्याकडे बघू नकोस मग. त्या खिडकीकडे बघ."

मॉडीने खिडकीकडे बघितलं. समोरच्या गॅलरीत कुणीतरी गालिचा झटकत होतं.

"आमच्या घरी," कॅरिनने सुरुवात केली आणि घसा साफ केला. "आमच्या घरी मंगळवारी आईला उशीर व्हायचा. बाबा मक्याचं सूप करायचे आणि आईचा वाडगा बशीने झाकून ठेवायचे. मला आठ वाजता झोपायला पाठवायचे. मी जाता जाता बशी उचलून बघायची, सूप आहे ना म्हणून. सूप असलं म्हणजे ती अजून यायचीय. एकदा मी ते सगळं पिऊन टाकलं."

"कधी? मला कसं—"

"मध्ये बोलायचं नाही, असं ऐकलं होतं मी."

मॉडी खिडकीकडे बघत, मांडीवर ओले हात ठेवून बसली. आत बाळ कुरकुरलं आणि पुन्हा शांत झालं. कॅरिन थांबली, कान देऊन ऐकलं, मग तिने टॉवेल सोडून खांद्यावर घेतला आणि पुढचं सांगू लागली.