चटईखालचा साक्षीदार

माझी नणंद, मेलेसाला, लोगन शहरातल्या मांस कारखान्यात कामाला आहे. तिथल्या निम्म्या लोकांना सुरी धरायला तिनंच शिकवलं. पण मांस कापणाऱ्यांच्या रांगेवर लाइनप्रमुखाची जागा निघाली, की ती कालपरवा आलेल्या एखाद्या गोऱ्या पोराच्या पदरात पडायची. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा साहेब म्हणाला, "ही बेटांवरची माणसं ओझी उचलायला बरी, लाइन चालवायला नाही." ऐकलं एकट्या फालानिकोनं, माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाच्या मुलानं.

त्यानं घरी येऊन सांगितलं आणि मेलेसालानं भेदभावाची तक्रार ठोकली. वकीलबाई म्हणाली, "तुमचं खरं आहे, पण नुसतं खरं असून भागत नाही. ज्यानं ऐकलं तो उभा राहायला हवा."

"आत्या, मी आहे ना!" फालानिको छाती ठोकून म्हणाला.

पुढं एका रविवारी आम्ही चर्चला निघालो, तर हा पठ्ठ्या भर उन्हात दारासमोर गुडघे टेकून बसलेला. डोक्यावरून आईची ठेवणीतली बारीक विणीची चटई. आम्हा सामोआ बेटांवरच्या सामोअन लोकांत माफी मागायची ही रीत. ज्याचं वाईट केलं त्यानं चटई उचलली, की विषय कायमचा मिटला. नाही उचलली, तर दोन्ही घरांना तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"काय करून आलास रे मेल्या?" मी ओरडले.

"मी काहीच ऐकलं नाही, असं कंपनीला लिहून दिलं, काकू. चार पोरं आहेत मला."

"मग त्यांनाही आणायचंस! बघू देत बाप किती शूर आहे ते!"

"वहिनी, गप्प बस." मेलेसाला चटईपाशी गेली. मग मला हळूच म्हणाली, "उचलली, तर उद्या ह्यालाच कोर्टात खोटारडा कसं म्हणू?"

शेजारीपाजारी बघत होते. तिनं चटई उचलली, त्याला पोटाशी धरलं आणि दोघंही रडली. नंतर त्यानं आमच्याकडे दोनदा मागून तारोचा उकडलेला कंद खाल्ला, निलाजऱ्यानं.

समेटाच्या बैठकीत कंपनीचा वकील हसतच म्हणाला, "वंशावरून डावलतात म्हणता? नवा लाइनप्रमुख सामोअनच नेमलाय आम्ही. फालानिको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्याला समन्स काढू," वकीलबाई कुजबुजली. मेलेसालानं मान हलवली, नको. "मग बाई म्हणून डावललं, असं मांडून बघू?"

"त्याला तरी साक्षीदार कोण?" मेलेसालानं विचारलं आणि तक्रार मागे घेतली.

सोमवारी ती कामावरून आली ती थेट खुर्चीत बसली. म्हणाली, "फालानिको आला होता. 'आत्या, लाइन कशी चालवायची, जरा दाखव ना.'"

"थोबाडीत नाही दिलीस?"

"दाखवली," ती म्हणाली. "तो चुकला, तर पुन्हा आपल्यातल्या कुणालाच नेमणार नाहीत."