हुक लावता येतात का?

"कोलन कॅन्सर है," डॉक्टर म्हणाले आणि लगेच समजावलं, "मतलब बड़ी आंत का। ऑपरेशन होगा, फिर केमो। ठीक होने की पूरी उम्मीद है।" मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तरी त्यांच्या बोलण्यातला 'उम्मीद' तेवढा शब्द घट्ट धरून मी हिंदी मुलखातल्या आमच्या हबीबगंजच्या घरी परतले.

ऑपरेशन निभावलं. केमो सुरू झाल्यावर मात्र बोटांना मुंग्या यायला लागल्या. फ्रिजमधली बाटली धरली की झटका बसे. पुढे बोटांची टोकं बधिरच झाली. ब्लाउजचे हुक लागेनात. आमचे हे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, रोज सकाळी चष्मा चढवून हुक लावून द्यायचे. त्यातला एक हमखास चुकवायचे.

डॉक्टरांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं तर केमो थांबवतील आणि दुखणं परत येईल, या भीतीने मी गप्प होते. यांनाही तंबी दिली होती. कोणीही विचारलं की दोघांचं उत्तर एकच, बरं आहे.

एक दिवस वेटिंग रूममध्ये आम्ही दोघं बसलो असताना एक तरुण डॉक्टरबाई कागद घेऊन शेजारी बसल्या. ती 'क्वालिटी ऑफ लाइफ'ची प्रश्नावली होती, म्हणजे पेशंटचं रोजचं जगणं कसं चाललंय ते मोजायचं. त्रास बिलकूल नाही, थोडा, बराच की फार, एवढंच सांगायचं. मला हसूच आलं. जगणं म्हणजे काय ब्लडप्रेशर आहे? भूक, झोप, थकवा, सगळ्याला माझ्याआधी हेच "बिलकुल नहीं" म्हणत सुटले.

मग बाईंनी विचारलं, "आंटीजी, छोटे बटन या हुक लगाने में दिक्कत होती है?"

मी थक्क झाले. आमच्या खोलीतली गोष्ट या कागदाला कशी कळली?

"बिलकुल नहीं," हे म्हणाले. सकाळी हुक लावून देणारे हेच.

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ये सवाल मरीज़ों से पूछ-पूछकर ही बने हैं।"

म्हणजे कुठेतरी, माझ्याही आधी, एखाद्या बाईची बोटं अशीच अडली होती आणि तिने लाज न धरता ते सांगितलं होतं. कधी न भेटलेल्या त्या बाईने माझा हात धरल्यासारखं वाटलं. डोळे भरून आले.

"अहो, थांबा," मी यांना म्हटलं. मग बाईंना सांगितलं, "बहुत ज़्यादा। रोज़ ये लगाकर देते हैं।"

डॉक्टरांनी उत्तरं पाहिली. "ये पेरिफेरल न्यूरोपैथी है, दवा का नसों पर असर होता है, उंगलियाँ सुन्न पड़ जाती हैं। स्कैन में नहीं दिखता, आप ही बता सकती हैं।" केमो थांबली नाही. नसांना त्रास देणारं औषध तेवढं बंद झालं, बाकीचं चालू राहिलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर 'बरं आहे' दाराबाहेर चपलांपाशी ठेवून आत जा.

आता केमो संपली आहे, स्कॅनही चांगला आला. बोटं हळूहळू जागी झाली. परवा सगळे हुक मीच लावले. हे सवयीने चष्मा चढवून दारात उभे होते. त्यांचा चेहरा बघून मी शेवटचा हुक काढला आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. तो एकच होता, तरी त्यांनी तो लावायला पुष्कळ वेळ घेतला.