वरोरच्या दारातला डाय

मी ठाण्यात दागिन्यांच्या कारखान्यात मापं तपासते. दोन वर्षांपूर्वी वरोरच्या हरेश्वरकाकांचे डाय मी नापास केले. डाय म्हणजे पोलादी ठसा. त्यावर पातळ पत्रा ठोकला की नक्षी उठते. पाकळीची एक कड दुसरीपेक्षा उतरती होती, मी 'दोष' लिहिलं. काम यंत्राकडे गेलं. यंत्राने कोरलेल्या डायच्या सरळ कडेवर पत्रा फाटू लागला, तेव्हा वरोरला जायला मी शुक्रवारची रजा टाकली.

महामार्गाने चारोटीपर्यंत रस्ता बरा आहे. तिथून डावीकडे डहाणू. माझ्यासारखं बसने आलात तर डहाणू रोड स्टेशनवरून वरोरला रिक्षा मिळते, पण परतीचं आधीच ठरवून ठेवा. समुद्राकाठी बोंबील वाळत होते. पूर्वी या आळीत शिरताच ठोकण्याचा आवाज यायचा, असं रिक्षावाला म्हणाला.

काकांचं दार एका लोखंडी ठोकळ्याने अडवलं होतं. माझ्याच लाल खुणेचा डाय. काकींनी चहा दिला आणि काका तलासरीला कारखान्यात लागलेत, रविवारीच घरी येतात, एवढं सांगितलं. निघताना ठोकळा माझ्या हातात ठेवला.

"न्या. दाराला दगड लावीन."

रात्री डहाणूत मुक्काम केला. खोली साधी, स्वच्छ. सुरमई थाळी चांगली.

शनिवारी पुन्हा महामार्गाला लागून तलासरी. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकाबाहेर काका डबा खात होते. सोबतीला जवळच्या झरी-उधवा गावांकडची माणसं. काकांनी मला लगेच ओळखलं.

"या त्या मापवाल्या ताई. विचारा रे, आपली झाकणं गोल हायेत का."

सगळे हसले. मी डाय पुढे केला आणि कड उतरती का ठेवली होती, ते विचारलं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला.

"पत्रा इथनं आत शिरतो. वाट दिली नाय तर फाटतो. तुमचं माप बरोबर होतं, ताई. तुम्ही विचारलं नाय, एवढंच."

अहवाल बदलते, काम परत आणते, असं मी म्हणाले. त्यांनी डबा बंद केला.

"भट्टी मोडली. घासणारे दोघं वापीला गेले. कागद फिरेल, ते कुठनं फिरतील?"

लघुउद्योग रोजगार देतात, हे आम्ही कॉलेजात पाठ केलं होतं. पण भट्टीवाला, घासणारे, कोरणारा हे सगळे एकाच कामावर उभे असतात आणि एकदा पांगले की जमत नाहीत, हे पुस्तकात नव्हतं. भोंगा झाला. काका आत गेले.

घरी येऊन मी त्या डायवर तांब्याचा पत्रा ठोकला. पाकळी न फाटता अख्खी उठली. सोमवारी अहवाल दुरुस्त करून सही केली. वरोरला पाठवायची प्रत अजून माझ्या टेबलावर आहे, डायखाली.