तपासणीला साहेब आले आणि वीज गेली

मंडळी, आत्ताच गारगोटीहून कोल्हापुरात घरी पोचलोय. एक गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मागास भागात छोटा उद्योग काढला की सरकार अनुदान देतं. त्या भरवशावर गेल्या वर्षी मी आणि माझ्या बहिणीनं गारगोटीजवळ, तिच्या सासरच्या गावात, काजूचा कारखाना काढला. आठ बायका कामाला आहेत. आज तपासणीला साहेब येणार होते आणि त्यांना कारखाना चालू दिसलाच पाहिजे, अशी अनुदानाची अट.

साहेब जीपमधून उतरले आणि वीज गेली. काजू वाळवायचं यंत्र बंद पडलं. साहेबांनी पेन काढलं. "यंत्र बंद आहे, तसंच लिहावं लागेल."

तेवढ्यात काजू फोडत बसलेल्या शेवंताक्का म्हणाल्या, "सायेब, लाईट न्हाय, पर आमचं हात चालू हाईत की! त्ये बी लिवा. न्हायतर लाईट येस्तोवर बसा, च्या करतो."

साहेब खरंच बसले. तासाभरानं वीज आली, यंत्र सुरू झालं. त्यांनी बघितलं, काहीतरी लिहिलं आणि "कळवू" एवढंच बोलून गेले.

मी निघताना शेवंताक्कांनी विचारलं, "कामासाठी कोकणात जायाचं बंद केलंय आम्ही. हितलं काम ऱ्हाईल न्हवं?"

"राहील की," मी म्हणालो. बहीण चहाचे कप उचलायला लागली. अनुदान आलं नाही तर दिवाळीपर्यंतही कारखाना चालणार नाही, हे आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.

तुम्ही असता तर त्यांना काय सांगितलं असतं?