डावी इंजिनाकडची, उजवी खिडकीकडची

पेणपासून रोह्यापर्यंतच्या सगळ्या माणसांच्या वाटणीचा संशय देवाने एकाच माणसाला देऊन टाकला आहे. तो माणूस म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी वर्षा हिचे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त होऊन पेणला मुलीकडे राहतात. दुधवाल्याने दूध चांगलं दिलं, तर आजच का दिलं म्हणून हे दिवसभर विचारात पडतात. कोणी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वादाआधी स्वतःचा खिसा चाचपतात. मी त्यांना काका म्हणते आणि ते मला बाई म्हणतात. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतरही मी केलेला चहा ते आधी हुंगून मगच पितात.

पण त्यांचा खास विषय चेहरा. समोरचा माणूस आपलं वय लपवतो आहे, हे धरूनच ते बोलायला सुरुवात करतात. नुसत्या तोंडावर विसंबत नाहीत. मान बघतात, कोपरं बघतात, हातांच्या पाठी बघतात. कोलाडच्या एका लग्नात, पंगतीत बसलो असताना, नवऱ्या मुलाच्या मावशीकडे बघून ते माझ्या कानाशी आले. "बाई, बॉडी नवीन रंगवलीय. चासी जुनीच हाय." मी म्हटलं, काका, हळू. तर म्हणाले, "कपाळ बघा. मघापासून हसतेय, पण कपाळाला त्याची खबरच नाय." सुरकुत्यांवर इंजेक्शन घेतल्याने कपाळ असं स्तब्ध होतं, हे मला नंतर वर्षाने सांगितलं. पण त्या लग्नातलं त्या कपाळाखेरीज मला आज काहीही आठवत नाही.

गंमत म्हणजे या सगळ्या पट्ट्यात संशय घ्यावा असा चेहरा एकच आहे, आणि तो खुद्द काकांचा. डावीकडून बघाल तर पन्नाशीतला तुकतुकीत गृहस्थ. उजवीकडून बघाल तर त्या गृहस्थाचे वडील. याचं कारण त्यांची ड्युटी. दुपारची पेण-रोहा घेऊन जायचं, रोह्याला मुक्काम करायचा आणि सकाळची रोहा-पेण घेऊन यायचं. जाताना मावळतीचं ऊन उजव्या खिडकीतून, येताना उगवतीचं ऊनही उजव्याच खिडकीतून. नोकरीभर ऊन त्या एका गालावर पडत राहिलं आणि डावा गाल इंजिनाच्या बाजूला सावलीत आरामात बसून राहिला. फोटो काढायचा म्हटलं की काका कोणती बाजू पुढे करायची या विचारात पडतात आणि शेवटी फोटोग्राफरचाच संशय घेऊन उठून जातात.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी त्वचेची डॉक्टर झाली आणि तिने पेणमध्ये दवाखाना थाटला. पोरगी शत्रूला सामील झाली, असंच काकांना वाटलं. "चेहरा पुसून देतात म्हणे. पाटी हाय का ती?" असं म्हणत ते उद्घाटनाला आले, आणि दुसऱ्या दिवसापासून दाराजवळच्या बाकावर राखणीला बसू लागले. आलेल्या बाईला आत जाण्याआधी विचारायचे, "काय करून घेताय? कशाला? नवरा काय बोलला?" निम्म्या बायका तिथूनच मागे फिरत. वर्षाने त्यांना सनस्क्रीनची बाटली दिली, तर गालाला लावण्याआधी तिची परीक्षा झाली. निळ्या ताडपत्रीचा तुकडा घेऊन त्याच्या अर्ध्या भागाला ते फासलं, रोज नव्याने फासत राहिले, आणि तुकडा सगळा उन्हाळा गच्चीवर टाकला. उन्हाळा संपला तेव्हा बिनलावलेला भाग पांढुरका पडला होता आणि लावलेला निळा होता. काकांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "कंपनीनं ताडपत्रीवाल्याला फोडला आसंल."

माझ्या गालांवर वांगाचे डाग आले म्हणून मीही तिथे जाऊ लागले. वर्षाचं काम मला आवडायचं. ती कोणाला भुलवत नसे. उन्हात डोकं झाका, सनस्क्रीन लावा, झोप पुरती घ्या, आणि एवढं करून उरलं तर पील, लेझर वगैरेंचं बोलू, असं सांगायची. साहजिकच दवाखाना रिकामा असायचा. भाडं वेळेवर देता येत नव्हतं, आणि जागा सोडावी लागेल असं ती एकदा मला म्हणालीसुद्धा.

आणि मग काय झालं कोण जाणे, गर्दी व्हायला लागली. वडखळच्या बायका, रोह्याच्या बायका, बाकावर जागा मिळेना. इतकं सुख बघून काकांना संशय आला नसता तरच नवल. त्याचा उलगडा एका दुपारी माझ्यासमोरच झाला. रोह्याहून आलेली एक बाई काकांच्या शेजारी बसली होती. बराच वेळ ती त्यांच्या तोंडाकडे एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने बघत राहिली. शेवटी म्हणाली, "काका, उजवी बाजू कधी करणार मॅडम? डावी झकास झालीय. आमच्याकडं समदी बोलतात, बापाची अर्धीच केली, लोकांना फरक दिसावा म्हणून."

बाकावरच्या सगळ्या बायका माना डोलवत होत्या. म्हणजे सगळ्याजणी त्या डाव्या गालाच्या भरवशावर आल्या होत्या. जन्मभर जगाच्या चेहऱ्यांवर संशय घेणारा माणूस स्वतःच खोटी जाहिरात होऊन दारात बसला होता. काका उठले, दार ढकलून आत गेले. मी मागोमाग गेले, कारण त्यांचा नूर मला बरा वाटला नाही.

"तू सांगितलंस लोकांना?"

वर्षा हातातलं काम ठेवून म्हणाली, "नाही बाबा. पण कोणी विचारलं तेव्हा नाही असंही म्हटलं नाही. गप्प राहिले."

काका तिच्याकडे बघत राहिले. इतक्या लोकांवर संशय घेतला, पण या एका माणसावर घ्यायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते बाहेर आले आणि बाकासमोर उभे राहून म्हणाले, "ऐका गो. ही डावी कोणी केली नाय. ही इंजिनाकडची, सावलीतली. ही उजवी खिडकीकडची, ती उन्हानं खाल्ली. माझ्या पोरीनं माझ्या तोंडाला हात पन लावला नाय."

काहीजणी पिशव्या उचलून निघून गेल्या. रोह्याची बाई मात्र हलली नाही. "मग उजवी घ्या की करून," ती म्हणाली. "घरची डाक्टर हाय."

दारात येऊन उभी राहिलेली वर्षा खाली बघून म्हणाली, "ते नाही करणार. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही." हे ती रागाने म्हणाली नाही, आणि म्हणूनच मला फार वाईट वाटलं.

 काका म्हणाले, "तसं नाय. वडखळच्या फुडं आपलं घर रस्त्याच्या उजव्या अंगाला. दुपारची गाडी घेऊन जायचो तवा तुझी आय अंगणात हुबी असायची. गाडी चालवताना मान वळवायची नाय, म्हणून मी नुसता हॉर्न द्यायचो. गाडीतल्या लोकांनी माझी डावी बाजू बघितली. तिनं ही बघितली." त्यांनी उजव्या गालाला हात लावला. "आता ती नाय, रुंदीकरणात अंगण पन गेलं. मग ही पुसून काय करू?"

मग ते स्वतःहून आत गेले आणि रुग्णांच्या खुर्चीत बसले. "ते ताडपत्रीवालं लाव," वर्षाला म्हणाले. "पुसायचं नाय काय. हाय ती राखायची." आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांना दुसऱ्याच्या हाती असं डोळे मिटून बसलेलं मी प्रथमच पाहिलं. वर्षा उजव्या गालाला सनस्क्रीन लावत होती आणि तिचे डोळे सारखे भरून येत होते.

दवाखाना चालतो आहे, थोडा रडतखडत. काका अजून बाकावर बसून प्रत्येकीला डावी-उजवीची हकिकत सांगतात आणि ऐकणारी खरी मानते की नाही यावर बारीक नजर ठेवतात. मध्यंतरी एका कामासाठी मी त्यांच्यासोबत दुपारच्या एसटीने रोह्याला गेले. त्यांनी कंडक्टरचा, तिकिटाचा आणि नव्या ड्रायव्हरच्या ब्रेकचा रीतसर संशय घेतला आणि हट्टाने उजवीकडची खिडकी धरली. मी म्हटलं, काका, ऊन आहे त्या बाजूला. "लावून आलोय," ते म्हणाले. वडखळ मागे पडलं तसे ते बोलायचे थांबले आणि मान न वळवता सरळ समोर बघत बसले. शेजारी बसून मला त्यांची डावी बाजू तेवढी दिसत होती. उजवी खिडकीकडे होती.