अंझिरत-ओपा आणि साखरेची रेघ

आमच्या कोश्तुत गावात अंझिरत-ओपाच्या तंदूरची रोटी न खाल्लेला माणूस सापडायचा नाही, आणि तिच्या जिभेचा फटका न खाल्लेला तर मुळीच नाही. ओपा म्हणजे ताई, आणि गावभर तिला तेच म्हणतात. तिच्या आणि माझ्या अंगणाची भिंत एक. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून ती मला मुअल्लिमा म्हणते, पण अशा सुरात, की शिकवायचं काम खरं तिचंच आहे आणि मी आपली बदलीवर आलेली. सकाळी तंदूरात वाकून रोट्या थापायला लागली की तिचं बोलणं सुरू होतं. भिंतीपलीकडे कोणी ऐकतंय की नाही याची तिला फिकीर नसते. मी ऐकते. एवढी करमणूक फुकट कुठे मिळते?

गाव नहरीने मधोमध चिरलेलं आहे. अलीकडचा काठ किर्गिझ, पलीकडचा उझबेक, आणि मधल्या पुलावर शिपाई. दोन्हीकडे माणसं तीच, सोयरिकी त्याच, भांडणंही तीच. ओपा म्हणते, "माझा बाप एका देशात झोपला आणि दुसऱ्या देशात उठला. त्याने काय पाय हलवला होता? रेघच चालत आली त्याच्या अंगावर."

हा पूल कित्येक वर्षं बंद होता. ज्या वर्षी तो उघडला, त्याच वर्षी आमच्या काठावरच्या दवाखान्यात बेगीमाय नावाची तरुण डॉक्टर आली आणि येताना साखरेचा नवा तक्ता घेऊन आली. आमच्या मापातले सात म्हणजे दुसरीकडचे सव्वाशे. पूर्वी उपाशीपोटी साखर सातच्या वर गेली तरच माणूस आजारी. नव्या तक्त्यात सहाच्या आतच तो 'उंबरठ्यावर' उभा राहायचा, आणि गरोदर बाईची साखर पाच पूर्णांक एकला पोचली की ती आजारीच. एका वसंतात आमचं चाळिशीपुढचं निम्मं गाव उंबरठ्यावर जाऊन बसलं. इमामसाहेब बसले, बसचा ड्रायव्हर बसला, आणि सहा पूर्णांक चार घेऊन अंझिरत-ओपाही बसली.

पण बसून राहील ती ओपा कसली! पलीकडच्या काठावर नोसिर डॉक्टर होते, सत्तरी ओलांडलेले, आणि त्यांच्या भिंतीवर जुनाच तक्ता होता. ओपाने दोन गरम पातीर रोट्या फडक्यात बांधल्या, पूल ओलांडला आणि दुपारपर्यंत 'प्रकृती निरोगी' असा कागद घेऊन परत आली. शिपायाने विचारलं, "काय आणलंत, ओपा?"

"तब्येत. तिकडे बरी मिळते. हिच्यावर जकात आहे का?"

तेव्हापासून पुलावर रीघ लागली. ज्याला बस चालवायची तो निरोगी व्हायला पलीकडे जायचा. ज्याला जड कामातून सुटका हवी तो पलीकडून आजारी व्हायला इकडे यायचा. एकच रक्त, पुलाच्या एका टोकाला आजारी आणि दुसऱ्या टोकाला ठणठणीत. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

ओपाचा सवाल मात्र हसण्यासारखा नव्हता. "माझं रक्त होतं तिथेच आहे. मग साखरेची रेघ कोणी खाली ओढली, आणि ओढून कोणाचं पोट भरलं?" उत्तर तिला बाजारातच दिसत होतं. तिथे एका कंपनीचा तंबू लागला होता. साखर मोजायचं यंत्र फुकट आणि त्यात घालायच्या पट्ट्या विकत. बेगीमायच्या टेबलावर गोळ्यांच्या कंपनीचं कॅलेंडर, गोळ्यांच्या कंपनीचं पेन, घड्याळसुद्धा त्यांचंच. ओपा तंदूरापाशी येईल त्याला सांगायची, "शेळी फुकट देतात आणि चारा विकत. मला शहाणपण शिकवतायत!" मला ते पटत होतं, अजूनही पटतं.

हे सगळं थट्टेवारी चाललं असतं, पण ओपाची सून हुल्कार गरोदर राहिली.

हुल्कारचं हे दुसरं. पहिल्याची गोष्ट आमच्या गावाला ठाऊक होती, आणि खरं म्हणजे चुकीची ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला, पाच किलो शंभर ग्रॅमचा. खांदे अडकले. बाहेर आला तेव्हा निळा होता, आणि रडला नाही. ओपाचा मुलगा मुकीम रशियात बांधकामावर होता, तो दफनालाही पोचला नाही. दुखवट्याला आलेल्या बायकांना काय बोलावं सुचेना. मग कोणीतरी म्हणालं, "पहिलवान होता गं." ओपाने तो शब्द धरून ठेवला. आमच्याकडे पोर जेवढं जड तेवढी सासूची मान ताठ. पाच किलोचं पोर म्हणजे घरात दूधतूप वाहतंय आणि सून लाडात आहे, याचा डंका. त्या दिवसापासून ओपा सांगायची, "पहिलवान होता माझा नातू, दायांच्या हातात मावला नाही." मुलगा गेला, पण त्याचं वजन तिने अभिमानाने जपलं. आम्ही सगळ्यांनीच माना डोलावल्या.

आता हुल्कारची साखर भरली पाच पूर्णांक आठ. बेगीमाय म्हणाली, आजार आहे, गोड बंद, रोज मोजायचं. ओपा कडाडली, "पोटुशी बाई म्हणजे गोळ्यांचं गिऱ्हाईक नव्हे!" आणि सुनेला घेऊन पूल ओलांडला. नोसिर डॉक्टरांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, निरोगी आहे, दोघांचं जेवण जेव.

मग काय विचारता! तुपात परतलेल्या पिठाचा गोड होलवायतर सकाळी, चहात खडीसाखरेचे खडे, दुपारी मध लावून पातीर. भिंतीवरून मला सगळं दिसायचं. एकदा हुल्कार सासूला हळूच म्हणाली, "ओयी, पहिल्या वेळेसारखंच पोट वाढतंय. मला भीती वाटते."

"भिऊ नकोस पोरी, वाढू दे. कागद आहे आपल्याकडे."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला तेव्हा म्हणता आलं असतं. पण ओपासमोर कोण बोलणार?

बोलली बेगीमाय. एका सकाळी ती थेट तंदूरापाशी येऊन उभी राहिली. ओपाने हात पुसले नाहीत, बसही म्हटलं नाही. आमच्याकडे दारी आलेल्याला चहा न देणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. मी भिंतीशीच होते.

"आधी सांग, डॉक्टर-पोरी. रेघ खाली आली, त्यात फायदा कोणाचा?"

"पट्ट्यावाल्याचा," बेगीमाय म्हणाली. "गोळ्यावाल्याचा. मला कॅलेंडर मिळालं आणि पेन मिळालं. तुम्ही बोलता ते खोटं नाही, ओपा. तुमच्या सहा पूर्णांक चारला मी गोळी देणारही नव्हते. चाला थोडं, चहातली साखर कमी करा, एवढंच सांगणार होते. तुम्ही ऐकायच्या आधीच पुलावर होतात."

ओपाला हे अपेक्षित नव्हतं. भांडायला कंबर कसावी आणि समोरच्याने हो म्हणावं, याच्यासारखी पंचाईत नाही.

"पण हुल्कारचं वेगळं आहे," बेगीमाय म्हणाली. "मागच्या बाळाचं वजन किती होतं?"

"पाच किलो शंभर," ओपा ताठ होऊन म्हणाली. "पहिलवान होता."

बेगीमाय अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "पहिलवान नव्हता, ओपा. ती साखर होती. आईच्या रक्तातली जादा साखर बाळाला मिळते, आणि बाळ फुगतं. खांदे म्हणूनच अडकले."

"नीघ," ओपा म्हणाली. "माझ्या अंगणातून नीघ."

तंदूरातल्या रोट्या त्या दिवशी करपल्या. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ओपा माझ्या दारात. "मुअल्लिमा, चल पलीकडे. डॉक्टर अवघड बोलला तर सोपं करून सांग." या खेपेला फडक्यात पातीर नव्हत्या. नोसिर डॉक्टरांना तिने खुर्चीवर बसण्याआधीच विचारलं, "साखरेच्या बाईचं पोर जड असतं, हे खरं का?"

"खरं आहे. आम्हाला शिकतानाच सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही पहिल्या बाळाचं वजन सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. आकडा बघितला, तक्ता बघितला, झालं." म्हाताऱ्याने चष्मा काढला. "अंझिरत, ही जुनी रेघ आईकडे बघून आखलेली आहे. पुढे दहा-वीस वर्षांनी आईला साखरेचा आजार जडेल का, एवढंच तिच्यात पाहिलं होतं. पोटातल्याचं काय होतं, ते त्या आकड्यात नाही. नवी रेघ आखताना म्हणे हजारो बाळंतपणं तपासली, बाळं बघितली. मी वाचलं होतं. तक्ता बदलायचा कंटाळा केला."

मला काही सोपं करून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे जुन्या रेघेत माझा नातू धरलाच नव्हता," ओपा म्हणाली.

परतताना पुलावर तोच शिपाई होता. त्याने नेहमीसारखं विचारलं, काय आणलंत. ओपा तशीच पुढे चालत राहिली. मी तिचा हात धरला, आणि तिने तो सोडवून घेतला नाही, यावरूनच मला कळलं की आत काय चाललंय. मला त्या क्षणी तिची फार माया आली. जी बाई आख्ख्या गावाला धारेवर धरते, तिने दोन वर्षं ज्या शब्दाचा आधार घेतला होता, तोच तिच्या हातून गळून पडला होता.

पण ओपा रडत बसणारी नव्हे. घरी आली आणि खडीसाखर लोखंडी पेटीत टाकून किल्ली कमरेला खोचली. मग बाजारात त्या तंबूत गेली आणि पट्ट्यांच्या भावावरून पोऱ्याला असं सोललं, की आजूबाजूचे दुकानदार बघायला जमले. शेवटी पट्ट्या घेतल्या आणि म्हणाली, "घे, खा. पण आजपासून तुझ्याबरोबर माझा नातूही खाणार आहे."

त्यानंतर आमच्या गावाने जे पाहिलं ते कधी पाहिलं नव्हतं. ज्या बाईचा जन्म रोट्या थापण्यात गेला, ती सुनेला रोटीचा चतकोर मोजून द्यायची आणि उरलेली स्वतः उचलून ठेवायची. जेवण झालं की सुनेला घेऊन नहरीच्या काठाने फिरायला. पुढे ओपा, मागे पोट सांभाळत हुल्कार. हुल्कारचं बोट टोचताना ओपा स्वतः डोळे मिटून घ्यायची, आकडा वाचायचं काम माझं. आकडे उतरत गेले. बेगीमाय पुन्हा अंगणात आली तेव्हा ओपाने तिच्यासमोर चहाचा पियाला ठेवला. माफी वगैरे मागितली नाही, पण पियाला अर्धाच भरला होता. आमच्याकडे अर्धा पियाला म्हणजे 'बसा, पुन्हा भरायचा आहे'. बेगीमायला ते कळलं.

गावाला मात्र काही कळलं नाही. पलीकडच्या गल्लीतली करोमत-खोला, आम्हा सगळ्यांची मावशी, होलवायतरची थाळी घेऊन आली, ओपाने ती दारातूनच परत पाठवली. पोटुशीसाठी आणलेलं गोड परत पाठवणं! दोन्ही काठांवर बोभाटा झाला. सासू सुनेला उपाशी मारते म्हणे. अंझिरतचा हात आखडला म्हणे. एवढ्या वर्षांचं नाव, आणि चार महिन्यांत ती कंजूष सासू ठरली. मधे घरी येऊन पुन्हा रशियात कामावर गेलेल्या मुकीमलाही कुणीतरी कळवलं. त्याने फोनवर आईला विचारलं, "हुल्कारला पोटभर देता ना?" फोन ठेवून ओपा तंदूराकडे वळली. मला म्हणाली, "बोलू दे. माझं नाव काय, पिठासारखं पुन्हा मळलं की वर येईल. पोर तसं येत नाही."

हुल्कारचे दिवस भरले तेव्हा नहरीकाठच्या झाडांवरची तुती पिकून काळी झाली होती. मोठ्या इस्पितळात बेगीमाय बरोबर गेली. ओपा बाहेर बाकावर बसली होती, मी शेजारी. ती देवाचं नाव घेत नव्हती, शिव्याही देत नव्हती. मग आतून आवाज आला, चिडका, कर्कश, थांबायचं नाव न घेणारा. ओपाने माझा दंड इतका आवळला की दोन दिवस वळ होता.

मुलगा. तीन किलो चारशे.

पाळण्याच्या मेजवानीला दोन्ही काठांवरच्या बायका आल्या. मुकीमही सुट्टी घेऊन आला होता आणि उगाच आतबाहेर करत होता. ओपाने त्या दिवशी एवढ्या पातीर भाजल्या की कंजूष म्हणणाऱ्यांना दोन-दोन घरी न्याव्या लागल्या. करोमत-खोला पाळण्यावर वाकली, दुपटं बाजूला केलं, नीट बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "लहानच आहे गं. पहिला कसा, पहिलवान होता!"

हुल्कारने मान खाली घातली. पोर नेमकं तेव्हाच जागं झालं आणि तोंड फाडून रडायला लागलं. त्याला कोणी उचलायला गेलं तर ओपाने हात आडवा धरला.

"मोठा होता, तो मातीत आहे," ती म्हणाली. "हा रडतोय. ऐक, करोमत. नीट ऐक."