जन्मभर इनकमिंग

मोबाइल कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, त्या काळात आमच्या घरचा रिचार्जमंत्री मी होतो. शंकर नगरच्या चौकात छत्र्यांखाली बसून पोट्टे सिमकार्ड फुकट वाटत. मी सारखा कुणाचा ना कुणाचा नंबर या कंपनीतून त्या कंपनीत नेऊन टाकी आणि बायकोसमोर असा बसे, की जणू पोरीचं लग्नच जमवून आलो. बाबांना आणि त्यांच्या मित्राला, म्हणजे आमच्या काकांना, ‘जन्मभर इनकमिंग फुकट’वालं सिम मीच घेऊन दिलं. दोघं उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमधून सोबतच निवृत्त झालेले.

पुढे बऱ्याच कंपन्या बुडाल्या. शिल्लक राहिल्या त्यांनी भांडण मिटवलं, मिळून भाव चढवले, आणि जन्मभर म्हणजे किती ते आम्हाला समजावलं. आता रिचार्ज नसेल तर इनकमिंगही नाही.

एक दिवस काकांचा सकाळचा फोन यायचा बंद झाला. बाबा लावायचे तर एक बाई हिंदीत काहीतरी ऐकवायची. बाबांना कमी ऐकू येतं. ते तिलाच म्हणत, “बाई, त्याले दे ना जरा.” शेवटी मला म्हणाले, “जाऊन पाय बरं. रागावला काय माह्यावर?”

काकांच्या घरी, गुढियारीला गेलो. काकांनी मला दारात पाहिलं, हातातला चहा खाली ठेवला.

“कवा गेला?”

“कोण, काका?”

“तुहा बाप. तू सोता घरी आला म्हंजे...”

बाबा ठीक आहेत, सकाळीच पोह्यात मीठ कमी म्हणून माझ्याशी भांडले, असं सांगितलं. काकांनी खाली ठेवलेला चहा परत उचलला. मग चिडले. “माह्यावरून लागत नाही, मंग तो काहून फोन नाही करून राहिला?”

त्यांचा फोन शर्टाच्या खिशातच होता. रोज चार्ज करून ठेवत होते.

आतून त्यांचा या हिंदी मुलखातच वाढलेला मुलगा म्हणाला, “भैया, रिचार्ज कितना महंगा हो गया, आपको तो मालूम है. बाबूजी को फोन करता कौन है?”

मी लगेच माझा मोबाइल काढला. मंत्रिपदाची सवय. म्हटलं, आत्ता मारतो रिचार्ज. मुलगा बाहेर आला. “हम लोग माँगने गए थे क्या आपके पास?”

काकांनी माझ्या मोबाइलवर हात ठेवला. “राहू दे बाबू. पोट्ट्याले वाईट वाटते.”

घरी येऊन बाबांना सांगितलं, काका मजेत आहेत, रागावले नाहीत, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. दुसरं काय सांगणार?

“त्याच्याकडे, का आपल्याकडे?”

“दोन्हीकडे.”

तेव्हापासून बाबा रोज सकाळी फोन घेऊन गच्चीवर जातात. वर तरी लागेल म्हणतात. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मागून हात देऊन मीच त्यांना जिना चढवतो.